उघडें दार आणि अपुरी तयारी



मुलगा किंवा मुलगी शालान्त परीक्षा उतरून कॉलेजांत गेली म्हणजे घरीं पेढे वांटले जातात, आणि तो प्रसंग आनंदाचाच असतो. परंतु त्या आनंदाच्या भरांत एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. शाळेनें विद्यार्थ्याला जेथें आणून सोडलें तें ठिकाण आणि कॉलेज जेथून शिकवूं लागणार तें ठिकाण, या दोहोंमध्यें अंतर किती? अंतर थोडें असेल तर विद्यार्थी तें एका ढांगेंत ओलांडतो. तें फार असेल तर मात्र पहिल्या सहामाहींतच त्याचा तोल जातो, आणि घरचीं माणसें म्हणतात, ‘आमचा मुलगा शाळेंत बरा होता, कॉलेजांत जाऊन बिघडला.’ वस्तुतः तो बिघडलेला नसतो. दोन संस्थांनीं आपल्या मधला जो खड्डा बुजविला नाहीं, त्यांत तो पडलेला असतो.

आजच्या भाषणांत हा प्रश्न मी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘कम्युनिटी कॉलेज’ नांवाच्या संस्थांच्या आधारें मांडणार आहें. इतक्या दूरचें उदाहरण घेण्यास दोन कारणें आहेत. एक तर, अपुऱ्या तयारीच्या विद्यार्थ्याला बाहेर न ठेवतां आंत घेऊन शिकवावयाचें, हा प्रयोग त्या देशानें फार मोठ्या प्रमाणावर केला आहे, आणि त्यांत कोणता उपाय लागू पडला व कोणता फसला याचा हिशेबहि प्रामाणिकपणें ठेविला आहे. दुसरें असें कीं, आपल्यापैकीं कित्येकांच्या लेकी-सुना, भाचे-पुतणे आज त्या देशांत संसार करून राहिले आहेत, आणि त्यांच्या मुलांपैकीं कांहींचा मार्ग याच दारांतून जातो.

हें कॉलेज म्हणजे काय तें प्रथम पाहूं. शिकागो शहराच्या नैर्ऋत्येस जोलिएट नांवाचें गांव आहे. तेथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर या दोघांच्या विचारानें १९०१ सालीं त्या हायस्कूललाच जोडून पुढील दोन वर्षांचें शिक्षण सुरू करण्यांत आलें. पहिल्या वर्गांत विद्यार्थी अवघे सहा होते. अशा संस्थांना पुढें ‘ज्यूनियर कॉलेज’ म्हणूं लागले. अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या उच्चशिक्षण-मंडळानें १९४७ सालच्या आपल्या अहवालांत ‘कम्युनिटी कॉलेज’, म्हणजे त्या त्या वस्तीचें आपलें कॉलेज, हें नांव उचलून धरलें आणि तेंच रूढ झालें. १९६० सालीं कॅलिफोर्निया राज्यानें आपल्या उच्चशिक्षणाची जी मोठी योजना आंखली, तींत हें दार सर्वांना मोकळें ठेवण्याचें धोरण पक्कें झालें. आज त्या देशांत अशीं सुमारें एक हजार कॉलेजें आहेत.

येथें प्रवेशाला गुणांची अट नसते. हायस्कूल उतरल्याचा दाखला असला म्हणजे पुरतें. दोन वर्षांचा क्रम पुरा केला कीं एक लहान पदवी मिळते, आणि ती घेऊन पुष्कळांना विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत जातां येतें. कित्येक जण परिचारिकेचा किंवा एखाद्या कारागिरीचा अभ्यासक्रम करून सरळ कामाला लागतात. फी विद्यापीठाच्या मानानें बरीच कमी, कॉलेज घराजवळ, आणि वर्ग संध्याकाळींहि भरतात. त्यामुळें दिवसा दुकानांत उभा राहणारा, ज्याच्या कुळांत कॉलेजची पायरी आजवर कोणी चढलें नाहीं असा विद्यार्थी येथें मोठ्या संख्येनें येतो. दार उघडें ठेवणें ही थोर गोष्ट खरी. परंतु आंत आलेला मनुष्य त्याच दारानें रिकाम्या हातीं बाहेर पडत असेल, तर त्या उघड्या दाराचा उपयोग काय? साऱ्या प्रश्नाचें मर्म येथें आहे.

‘अपुरी तयारी’ असें आपण म्हणतों, तेव्हां तींत तीन निरनिराळ्या उणिवा मिसळलेल्या असतात. पहिली विषयाची. अपूर्णांकांचा भागाकार, टक्केवारी, साधें समीकरण येथें हात अडखळतो. किंवा चार पानें वाचून त्यांतील मुद्दा स्वतःच्या शब्दांत एका परिच्छेदांत मांडतां येत नाहीं.

दुसरी उणीव रीतिभातीच्या माहितीची. हायस्कूलांत सकाळपासून दुपारपर्यंत घंटा वाजत असतात आणि मुलगा गैरहजर राहिला तर घरीं विचारणा होते. कॉलेजांत वर्ग आठवड्याला बारा ते पंधरा तासच. परंतु वर्गांतील एका तासामागें घरीं दोन तास अभ्यास, असा तेथील ठोकताळा आहे. नवख्या विद्यार्थ्याला यांतील पहिला भाग वेळापत्रकावर दिसतो, दुसरा कोठेंच दिसत नाहीं. त्याला वाटतें, वेळच वेळ मोकळा आहे! प्राध्यापक पहिल्या दिवशीं ‘सिलॅबस’ म्हणून एक टिपण देतात. निबंध कधीं द्यावयाचा, परीक्षा कोणत्या दिवशीं, गुणांची वांटणी कशी, हें सर्व त्यांत असतें, आणि तेंच पुन्हां पुन्हां सांगण्यास तेथें कोणी बांधलेलें नसतें. प्राध्यापकांचे ‘ऑफिस अवर्स’ असतात. ती वेळ विद्यार्थ्यांनीं शंका घेऊन यावें यासाठींच राखलेली असते. पण ज्याच्या घरांत हें सांगणारें कोणी नाहीं, त्याची समजूत अशी कीं, ही त्यांच्या कचेरीच्या कामाची वेळ. तेव्हां आपण जाऊन त्यांना त्रास देऊं नये. एखादा विषय झेपत नसेल तर तो सोडण्याची शेवटची तारीख असते. तिच्या आधीं सोडला तर नापासाचा शिक्का बसत नाहीं, मागाहून सोडूं म्हटलें तर सोडतां येत नाहीं. ही तारीख ठाऊक नसल्यामुळें बसलेला शिक्का मंद बुद्धीचा पुरावा कसा म्हणावा?

तिसरी उणीव परिस्थितीची. बसचें भाडें, पुस्तकांची किंमत, सरकारी मदतीसाठीं भरावयाचा लांबलचक अर्ज, रात्रपाळीची नोकरी, घरीं दुखणाईत आई. या तिन्ही उणिवा हातांत हात घालून येतात. परंतु औषध देण्याची वेळ आली म्हणजे सर्वांचें लक्ष पहिलीकडेच जातें. कारण तिची तेवढी परीक्षा घेतां येते.

मग दोष कोणाचा? मी जन्मभर शाळेंत शिकविलें. तेव्हां शाळेच्या बाजूनें एक शब्द बोलण्याची परवानगी घेतों. त्या देशांत शाळांचे कारभारी निराळे आणि कॉलेजांचे निराळे. शाळा सोडण्यास किती यावें तें एकानें ठरवावयाचें, कॉलेजांत बसण्यास किती यावें तें दुसऱ्यानें. कॅलिफोर्नियाचेंच उदाहरण घ्या. तेथें हायस्कूल चार वर्षांचें असतें, परंतु राज्याच्या कायद्याप्रमाणें तें उतरण्यास गणिताचीं दोन वर्षें पुरतात. स्थानिक शाळा-मंडळानें अधिक मागितलें नाहीं, तर एखादा मुलगा शेवटचीं दोन वर्षें गणिताचें पुस्तक न उघडतांहि रीतसर उत्तीर्ण होऊं शकतो. तोच मुलगा कॉलेजांत येऊन गणिताच्या चांचणीला बसला म्हणजे प्राध्यापक म्हणतात, ‘आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?’ शाळेचे शिक्षक म्हणतात, ‘तुम्हांला काय हवें होतें तें आम्हांला सांगितलें कोणी?’ दोघांचेंहि म्हणणें खरें असतें, आणि मुलगा मध्यें उभा असतो.

या अडचणीवर कॉलेजांनीं जो उपाय पुष्कळ वर्षें चालविला, तो वरवर पाहतां अगदीं तर्कशुद्ध होता. विद्यार्थी आला कीं त्याची चांचणी घ्यावयाची. कमी गुण पडले तर त्याला प्रत्यक्ष कॉलेजच्या वर्गांत न बसवितां खालच्या पूर्वतयारीच्या वर्गांत घालावयाचें. फार कमी पडले तर त्याच्याहि खालच्या वर्गांत. अशा दोन किंवा तीन पायऱ्या चढून गेल्यावर त्याला कॉलेजचें खरें गणित किंवा खरें इंग्रजी भेटावयाचें. या वर्गांची फी भरावी लागे, वेळ मोडे, परंतु पदवीच्या हिशेबांत त्यांची गणना होत नसे. पाया कच्चा तर आधीं पाया भरावा, यांत वावगें काय, असें कोणालाहि वाटेल.

वावगें काय तें साध्या अंकगणितानें समजतें. समजा, पायऱ्या तीन आहेत आणि प्रत्येक पायरीवर शंभरांतील सत्तर विद्यार्थी उत्तीर्ण होऊन पुढील वर्गांत नांव घालतात. शिक्षकाला वाटेल, निकाल वाईट नाहीं. पण पहिल्या पायरीनंतर उरले सत्तर, दुसरीनंतर एकुणपन्नास, आणि तिसरीनंतर अवघे चौतीस! म्हणजे कॉलेजचा खरा वर्ग सुरू होण्यापूर्वींच दोन-तृतीयांश विद्यार्थी गळाले, आणि तरीहि प्रत्येक शिक्षक म्हणूं शकतो कीं, माझ्या वर्गाचा निकाल सत्तर टक्के आहे.

हें माझें उदाहरण कल्पित असलें तरी वस्तुस्थिति त्याच्याशीं जुळणारी आढळली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत या कॉलेजांचा अभ्यास करणारें एक केंद्र आहे. तेथील टॉमस बेली व त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत असें दिसून आलें कीं, पूर्वतयारीच्या वर्गांकडे धाडलेल्या विद्यार्थ्यांपैकीं निम्म्याहून कमी विद्यार्थी त्या सर्व पायऱ्या पुऱ्या करितात. आणि सुमारें तीस टक्के तर त्यांतील एकाहि वर्गांत नांव घालीत नाहींत. ‘तूं अजून कॉलेजच्या लायक नाहींस’ हा निरोप त्यांना पहिल्याच दिवशीं पोंचलेला असतो, आणि ते तो खरा मानून घरीं जातात.

त्यांतहि जी चांचणी घेऊन हा निवाडा होई, ती कितपत भरंवशाची होती? जूडिथ स्कॉट-क्लेटन या विदुषीनें आपल्या सहकाऱ्यांसह याचा तपास केला. चांचणीमुळें गणितांत चौघांमागें सुमारें एक आणि इंग्रजींत तिघांमागें सुमारें एक विद्यार्थी अगदींच चुकीच्या वर्गांत पडतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. आणि यांतील बहुतेक चुका लायक विद्यार्थ्याला खालीं ढकलण्याच्या होत्या. तास-दोन तासांच्या चांचणीपेक्षां हायस्कूलच्या चार वर्षांतील गुण हेच पुढील यशाचे अधिक खरे सूचक ठरले. आम्हां शाळामास्तरांना याचें नवल वाटूं नये. चार वर्षांच्या गुणांत मुलाची बुद्धि तर असतेच. त्याखेरीज त्याचा नेटहि असतो, आणि कॉलेजांत टिकण्यास नेट लागतो.

बर्टन क्लार्क नांवाच्या समाजशास्त्रज्ञांनीं याहून कडू गोष्ट १९६० सालींच लिहून ठेविली होती. कॅलिफोर्नियांतील सॅन होसे येथील ज्यूनियर कॉलेजाचा अभ्यास करून त्यांनीं दाखविलें कीं, चांचण्या, सल्ले आणि खालचे वर्ग यांच्या द्वारें दुबळ्या विद्यार्थ्याची उमेद हळूहळू थंड केली जाते. ‘नाहीं’ असें कोणी तोंडानें म्हणत नाहीं, परंतु अखेर तो स्वतःच आपली आकांक्षा आंखडती घेतो.

म्हणून हे वर्ग शिकविणारे शिक्षक निर्दय होते असें मात्र कोणी समजूं नये. न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें १९७० सालीं हायस्कूल उतरलेल्या सर्वांना प्रवेश दिला, तेव्हां वर्गांत असे विद्यार्थी आले कीं ज्यांचें लेखन पाहून अनुभवी प्राध्यापकांनींहि हात टेकले. मिना शॉनेसी या बाईंनीं अशा विद्यार्थ्यांचे सुमारें चार हजार निबंध घेऊन त्यांतील चुकांचा बारकाईनें अभ्यास केला आणि १९७७ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनीं दाखवून दिलें कीं, या चुका आळसाच्या किंवा मठ्ठपणाच्या नसतात. त्यांच्या मागें विद्यार्थ्यानें स्वतःशीं बसविलेला कांहीं तरी नियम असतो. तो नियम शोधून काढला कीं चूक सुधारतां येते. आणि लिहिण्याचा सराव ज्याला कधीं मिळालाच नाहीं, त्याला लिहितां येत नाहीं यांत आश्चर्य तें काय! मुलाच्या वहींतील चुकीकडे रागानें पाहण्याच्या ऐवजीं कुतूहलानें पाहणें, हा त्या बाईंचा धडा कोणत्याहि देशांतील शिक्षकानें घ्यावा असाच आहे.

आतां नव्या उपायांकडे वळूं. आपल्याकडे खेड्यांतील मुलें विहिरींत पोहावयास शिकत, तेव्हां पाठीला वाळका भोपळा बांधीत. मुलगा पहिल्या दिवसापासून खऱ्या पाण्यांत असे. फक्त बुडूं नये एवढी सोय केलेली असे. काठावर बसवून दोन वर्षें हातपाय हलविण्याचे धडे देऊन मग विहिरींत सोडण्याची रीत कोणीं काढली नाहीं. मेरीलंड राज्यांतील बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजांत पीटर अ‍ॅडम्स या इंग्रजीच्या प्राध्यापकांनीं २००७ सालीं जें केलें, तें असेंच होतें. ज्या विद्यार्थ्यांना एरव्हीं खालच्या वर्गांत घालावयाचें, त्यांपैकीं आठ जण त्यांनीं नेहमींच्या वीस जणांच्या वर्गांत इतरांबरोबर बसविले. तो तास संपला कीं तेच आठ विद्यार्थी त्याच शिक्षकाबरोबर आणखी एक तास बसत. आज वर्गांत काय अडलें, उद्यांचा निबंध कसा सुरू करावा, आणि घरची कोणती अडचण अभ्यासाच्या आड येते, हें सर्व त्या लहान वर्गांत निघे. अशा विद्यार्थ्यांत कॉलेजचें पहिलें इंग्रजी उत्तीर्ण होणाऱ्यांचें प्रमाण जुन्या रीतीनें शिकणाऱ्यांपेक्षां स्पष्टपणें अधिक आढळलें.

गणिताच्या बाबतींत न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठानें २०१३ सालीं तीन कम्युनिटी कॉलेजांत एक चोख प्रयोग केला. प्राथमिक बीजगणिताच्या खालच्या वर्गांत ज्यांना जावें लागणार होतें, अशा विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें गट पाडले. एका गटाला नेहमींचा खालचा वर्ग दिला. दुसऱ्या गटाला सरळ कॉलेजच्या दर्जाचा संख्याशास्त्राचा वर्ग दिला आणि जोडीला दर आठवड्यास दोन तासांची शिकवणी दिली. पहिल्या गटांतील सुमारें ३९ टक्के विद्यार्थी आपल्या खालच्या वर्गांत उत्तीर्ण झाले. दुसऱ्या गटांतील सुमारें ५६ टक्के विद्यार्थी वरच्या वर्गांत उत्तीर्ण झाले. अभ्यास वरचा, आणि यशहि जास्त!

अशा अनुभवांवरून राज्यांनीं कायदे व नियम बदलले. फ्लॉरिडानें २०१३ सालच्या कायद्यानें तेथील सरकारी हायस्कूलांतून नव्यानें आलेल्या मुलांवरील पूर्वतयारीच्या वर्गांची सक्ती काढून टाकली. टेनेसी राज्यानें २०१५ सालीं आपल्या सर्व कम्युनिटी कॉलेजांत जोड-वर्गाची पद्धति सुरू केली. कॅलिफोर्नियानें २०१७ सालीं कायदा करून हायस्कूलच्या गुणांवरून वर्ग ठरविण्यास सांगितलें, आणि पदवीच्या दर्जाचें गणित व इंग्रजी एका वर्षाच्या आंत पुरें होण्याची शक्यता जास्तींत जास्त राहील अशी व्यवस्था कॉलेजांवर बंधनकारक केली.

परंतु येथें एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. छपन्न उत्तीर्ण झाले म्हणजे चव्वेचाळीस झाले नाहींत. खालचा वर्ग बंद करणें सोपें आहे, कारण त्यानें पैसा वांचतो. जोडीचा तास चालविणें अवघड आहे, कारण त्याला पैसा लागतो. पहिलें करून दुसरें न करणें म्हणजे भोपळा न बांधतां विहिरींत ढकलणें होय. नव्या पद्धतीविषयीं कित्येक प्राध्यापकांची जी तक्रार आहे, तिचें मूळ येथें आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीं.

कोणी म्हणेल, कॉलेजांत येण्यापूर्वींच, शाळेंत असतांना ही डागडुजी कां करूं नये? हेंहि करून पाहिलें आहे. टेनेसींतील चॅटनूगा येथील कॉलेजानें आसपासच्या शाळांशीं मिळून २०१२ सालीं अशी योजना सुरू केली कीं, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षींच मुलांनीं संगणकावर पूर्वतयारीचें गणित पुरें करावें, म्हणजे कॉलेजांत तो वर्ग लागणार नाहीं. लवकरच ती राज्यभर पसरली. मुलांचा वेळ व फी वांचली हें खरें. पण संशोधकांनीं तपासलें तेव्हां त्यांच्या गणिताच्या ज्ञानांत भर पडल्याचें दिसलें नाहीं. तोच खालचा वर्ग एक वर्ष अलीकडे आणला, एवढेंच झालें. टेक्सासमध्यें २००९ सालच्या उन्हाळ्यांत आठ कॉलेजांनीं नव्या विद्यार्थ्यांसाठीं कांहीं आठवड्यांचे तयारीचे वर्ग भरविले. त्या मुलांना पहिल्या वर्षीं गणितांत व लेखनांत फायदा झाला. परंतु दोन वर्षांनंतर पाहतां त्यांच्यांत आणि इतरांत फरक उरला नव्हता. उंबरठ्यावर हात धरला आणि आंत गेल्यावर सोडला, तर तेवढ्यानें भागत नाहीं, असा याचा अर्थ.

मग भागतें कशानें? ज्या योजना टिकल्या त्यांत एक गोष्ट समान दिसते: विद्यार्थ्याला नांवानें ओळखणारें एक माणूस दीर्घकाळ त्याच्या पाठीशीं असतें. न्यूयॉर्कमधील लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजानें १९७४ सालीं आपल्या आवारांतच एक हायस्कूल काढलें. शाळा सोडून जाण्याच्या बेतांत असलेल्या मुलांनीं रोज कॉलेजांत वावरावें, म्हणजे त्यांना तें परकें वाटणार नाहीं, ही त्यामागील दृष्टि. जोलिएटचें कॉलेज शाळेच्या पोटीं जन्मलें होतें. येथें शाळा कॉलेजच्या कुशींत आली. कॅलिफोर्नियांत हेवर्ड येथील शाबो कॉलेजांत १९८१ सालीं ‘पुएंते’ नांवाचा उपक्रम निघाला. स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ पूल. मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांना वर्षभर एकच इंग्रजीचा शिक्षक, एकच सल्लागार, आणि त्यांच्याच समाजांतील कामधंद्यांत स्थिरावलेलें एक वडीलधारें माणूस, अशी ही त्रिवेणी होती. आणि लेखनाचे विषय त्यांच्या स्वतःच्या घरादारांतून घेतलेले असत.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र न्यूयॉर्कच्या ‘असॅप’ नांवाच्या योजनेनें दिला. ती २००७ सालीं सुरू झाली. विद्यार्थ्यानें पूर्ण वेळ शिकावें आणि लागणारे पूर्वतयारीचे वर्ग लांबणीवर न टाकतां लगेच करावे, ही अट; तिच्या मोबदल्यांत कॉलेजनें फींतील उरलेली तूट भरावी, पुस्तकें फुकट द्यावीं, बस व भुयारी रेल्वेचा पास द्यावा, शिकवणी द्यावी, आणि असा सल्लागार द्यावा कीं ज्याच्याकडे शेंकडों नव्हेत तर साठ ते ऐंशीच विद्यार्थी असतील. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दोन गटांची तुलना केली, तेव्हां तीन वर्षांत पदवी मिळविणारे साध्या गटांत २२ टक्के व या गटांत ४० टक्के निघाले. ओहायो राज्यांतील तीन कॉलेजांनीं तीच योजना उचलली; तेथेंहि प्रमाण जवळजवळ दुप्पट झालें. माणशीं खर्च वाढला खरा, परंतु पदवीधर इतके वाढले कीं एका पदवीमागचा खर्च न्यूयॉर्कमध्यें उलट कमीच पडला. बसच्या पासाचा आणि बीजगणिताचा संबंध काय, असें ज्याला वाटत असेल त्यानें हे आंकडे पाहावे. पूर्वीं सांगितलेल्या तिन्ही उणिवांवर एकाच वेळीं इलाज झाला, म्हणून गुण आला.

यांतून घरोघरच्या आईबापांनीं काय घ्यावें? ज्यांचीं मुलें-नातवंडें त्या देशांत शिकत आहेत, त्यांनीं त्यांना एवढें अवश्य सुचवावें: हायस्कूलच्या शेवटच्या वर्षीं गणित सोडूं नये, शाळेंतील गुणांचे दाखले जपून ठेवून कॉलेजांत पुढें करावे, चांचणी असेल तर ती सहज म्हणून न देतां उजळणी करून द्यावी, खालचा वर्ग सांगितला तर ‘वरच्या वर्गाबरोबर जोडीचा तास आहे काय’ असें विचारावें, आणि पहिल्या पंधरवड्यांतच प्राध्यापकांना व सल्लागाराला जाऊन भेटावें.

आपल्या महाराष्ट्रांतहि हा उंबरठा आहे, जरी त्याचें रूप निराळें असलें तरी. दहावीपर्यंत मराठी माध्यमांतून गणित व शास्त्र शिकलेली मुलगी अकरावीला विज्ञानशाखेंत जाते, तेव्हां ‘अंश’ आणि ‘छेद’ यांच्या जागीं एका रात्रींत ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ येऊन बसतात. तिला भागाकार येत असतो. शब्द येत नसतो. वर्गांत ती गप्प बसते, आणि गप्प बसलेल्या मुलीला येत नाहीं असें सर्वांना वाटूं लागतें. तिला ‘हा विषय तुला झेपणार नाहीं, दुसरी शाखा घे’ असें सांगणें सोपें आहे. परंतु घरांतील शिकलेल्या काकानें, शेजारच्या एखाद्या थोरल्या ताईनें किंवा निवृत्त शिक्षकानें पहिले सहा महिने आठवड्यांतून दोन तास तिच्याजवळ बसणें, आणि त्या दिवशीं वर्गांत जें झालें तेंच दोन्ही भाषांत पुन्हां पाहणें, याला कायदा लागत नाहीं कीं अनुदान लागत नाहीं. एवढें मात्र लक्षांत असूं द्यावें कीं, हें बसणें सहामाही परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत सुरू करून चालणार नाहीं. तें पहिल्या दिवसापासून हवें.

सारांश, तयारी पुरी झाल्याशिवाय आंत घेऊं नये हें एक टोंक, आणि आंत घेतलें कीं आपलें काम संपलें हें दुसरें. शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवानें अमेरिकेंतील या कॉलेजांना जें शिकविलें, तें या दोहोंच्या मधलें आहे: विद्यार्थ्याला खऱ्या कामाला लवकर लावावें, आणि तो स्थिर होईपर्यंत त्याच्या शेजारीं कोणी तरी असावें. दार उघडण्याचें काम सरकारचें किंवा संस्थेचें असेल. परंतु आंत आलेल्याला ‘ये, येथें बस’ असें म्हणणारें माणूस तेथें उभें आहे कीं नाहीं, यावर त्या उघड्या दाराची किंमत ठरते.